सातांतले चारच लक्षात राहिले

प्रश्न : घरी 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) पाहिला, लुटारूंपासून गाव वाचवणाऱ्या सात बंदूकबाजांचा तो वेस्टर्न सिनेमा. बाबा खूश, मला मात्र सातांतले चारच आठवतात. लक्ष माझंच नव्हतं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : लक्ष होतं हो तुमचं! मूळ जपानी 'सेव्हन सामुराय' (१९५४) जवळजवळ साडेतीन तासांचा. इथे तेच सात जण सव्वादोन तासांच्या आत कोंबलेत. कुणाचा तरी बळी जाणारच. आम्ही तो म्हापशाला मित्राच्या बाल्कांवात (घरापुढच्या पडवीत), लॅपटॉप तिथल्या सोप्यावर, म्हणजे बाकावर, ठेवून पाहिला, वर भांडलोही. शवगाडीचा प्रसंग आठवा. युल ब्रिनरने लगाम धरलेत, आणि शेजारी स्टीव्ह मॅक्वीन काडतूस बंदुकीत घालण्याआधी कानाशी हलवून बघतो. झालं, सगळ्यांची नजर त्याच्यावर! जेम्स कोबर्न तर फारसा बोलतही नाही. टोपी डोळ्यांवर ओढून स्वस्थ बसलेला; डिवचल्यावर उठतो, सुरा फेकतो, खेळ खलास. रॉबर्ट व्हॉनचा घाबरलेला बंदूकबाज मात्र मला अर्धवट वाटला. मित्राला तोच आवडला, आणि त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या गावकऱ्यांना जेवायला काही उरलं की नाही?"

बाबांना एल्मर बर्नस्टाइनचं संगीत आवडलं असणार. विचारा.