कोटातले अण्णा

लग्नसराई जवळ आली की लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. घरातलं माणूस गेलंय, आता घरात लग्न आहे. समारंभात त्याचा फोटो ठेवावा का? ठेवला तर आई रडेल, पाहुणे बोलतील. नाही ठेवला तर विसरल्यासारखं होतं.

या प्रश्नाला मी पूर्वी फार पटकन उत्तर द्यायचे. एका मुलीने माझी ती सवय मोडली. तिची गोष्ट मायलेकींच्या परवानगीने, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून सांगते. घरात तिला धाकटी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

धाकटी आली ती डोकं दुखतं, झोप नाही ही तक्रार घेऊन. घरच्या लग्नाच्या रिसेप्शनला बावीस गोल टेबलं होती, आणि प्रत्येकावर मधोमध ठेवायची सजावट तिने स्वतः घरी करायला घेतली होती. लोणच्याच्या काचेच्या बरण्या, त्यात तळाला अर्धा किलो ज्वारी, ज्वारीत रोवलेल्या बांबूच्या काड्या आणि काड्यांवर घरातले जुने फोटो. आपल्याकडे ज्वारीच्याच अक्षता टाकतात, म्हणून ज्वारी. शिवाय मे महिन्यात लॉनवर मोठे पंखे लावावेच लागतात, बरणीला वजन हवंच. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती कात्री घेऊन बसायची. एकवीस बरण्या झाल्या. बावीसावी होईना.

मी म्हटलं, पुढच्या वेळी ती बरणीच घेऊन ये.

तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. फोटोत सात-आठ वर्षांची धाकटी, दोन वेण्या, हातात बक्षिसाचा कप. फोटो डाव्या बाजूने कापलेला. आणि तिच्या खांद्यावर चार बोटं. मनगटापासून पुढे माणूस नाही.

“अण्णा होते तिथं,” ती म्हणाली. “काका म्हणाले, शुभकार्यात गेलेल्या माणसाचं काय काम? आई काहीच बोलली नाही. मग मी कापलं. पण हात काही निघेना, खांदाच जात होता सोबत.”

अण्णा, म्हणजे तिचे वडील, एप्रिल २०२१ मध्ये गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. शेवटचं पाहणं झालं नाही, चार लोकांत रडणं झालं नाही. त्यानंतर घरातलं हे पहिलंच कार्य.

इथे माझी चूक झाली. मी तिला सुचवलं, दाराशी वेगळं छोटं टेबल मांड, अण्णांचा मोठा फोटो, हार, समई. मान राहील आणि जेवणाच्या टेबलांवर कुणाची अडचणही होणार नाही. सल्ला नीटनेटका होता. मी घरी जाऊन स्वतःवर खूश होते.

पुढच्या आठवड्यात आई आली. बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत बसली, मग म्हणाली, “ताई, हार घालून दिवा लावला की तो दहावाच झाला की. आन् फोटो कोणता ठेवणार? भिंतीवरचा?”

भिंतीवरच्या फोटोची हकीकत अशी. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद. तेराव्याला फोटो हवा म्हणून एका स्टुडिओवाल्याने अर्धं शटर उघडून आधारकार्डावरचा चेहरा मोठा केला आणि खाली निळा कोट अन् लाल टाय चिकटवून दिला. त्याने आपल्या परीने उपकारच केले.

“ह्येंनी जन्मात टाय बांधला नाही,” आई म्हणाली. “रोज त्या कोटवाल्याला उदबत्ती लावते मी. वळखू येत नाही मला ते माणूस.”

धाकटी आईकडे बघत राहिली. तिला वाटत होतं आईला अण्णांचा फोटो नको आहे. आईला नको होता तो कोट. दोघींनी दोन वर्षांत एकमेकींना एवढंही विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. ठेवावा का, यावर तीन जणांची मतं घेऊन झाली होती. कोणता, हे कुणीच विचारलं नाही. त्यामुळे हल्ली माझ्याकडे कुणी हा प्रश्न घेऊन आलं की मी आधी घरात सगळ्यात कमी बोलणारं माणूस कोण ते विचारते, आणि त्याला म्हणते, तुमच्याकडचा फोटो दाखवा.

आईकडे होता. साडीच्या घडीत. शेतावर हुरड्याच्या वेळचा, डोक्याला रुमाल, तळहात राखेने काळे, तोंडात घास असल्याने एक गाल फुगलेला.

दुःख विसरून पुढे जा, असं सांगण्याची पद्धत आमच्या व्यवसायातही खूप वर्षं होती. नव्वदच्या दशकात शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली, की गेलेल्या माणसाशी नातं तुटत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहतं आणि त्यात आजार काही नाही. काकांना मी क्लास सांगितले नाहीत. त्यांना पत्रिका दाखवली, तिच्यावर ‘कै.’ लावून अण्णांचं नाव छापलेलंच होतं. आणि विचारलं, लग्नाआधी नांदीश्राद्ध करता ना? त्यात पितरांनाच बोलावून आशीर्वाद मागतात ना? ते म्हणाले, “ते वेगळं.” पटलं नाहीच त्यांना, पण विरोधही थांबला.

मग कामाच्या गोष्टी. अण्णांची बरणी वेगळी नाही, इतरांसारखीच. हार नाही, दिवा नाही, शेजारी जिवंत माणसांचे फोटो. मूळ फोटोंना कात्री लावायची नाही, हे मी जरा दटावूनच सांगितलं. सकाळी खिडकीपाशी फ्लॅश बंद करून मोबाइलवर काढायचे आणि चार बाय सहाच्या मॅट प्रती छापायच्या, कारण चकचकीत कागदावर लॉनचे दिवे चमकतात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने उपटायचा नाही, खालून दोरा सरकवायचा. नातेवाइकांकडून फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर छापताना धुरकट येतात. एका बरणीत तीन दिशांना तीन फोटो, म्हणजे कुठल्याही खुर्चीला फक्त पाठ दिसत नाही, आणि उंची समोरच्याचं तोंड दिसेल एवढीच. मेणबत्त्या नकोत; पंख्याचा वारा आणि कागद, सेलवरच्या दिव्यांची माळ पुरे. सगळ्या बरण्या नव्याने भरल्या, त्यातल्या शेवटच्या सहा आईने. धाकटीला झोप लागू लागली.

मात्र झोप, जेवण, काम महिनोन्‌महिने कोलमडलेलं असेल, तर बरण्यांनी भागत नाही. तेव्हा समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

रिसेप्शनला मी गेले होते. आई अण्णांच्या टेबलावर बसली नाही, ती वाढप बघत फिरत होती. एकदा येऊन बरणी थोडी फिरवून गेली, फोटोला पंख्याचा वारा लागणार नाही अशी. रडली का? हो, पाठवणीला, सगळ्यांच्या आया रडतात तशीच. काका दूरच्या टेबलावर जेवले.

भिंतीवरचा कोट अजून आहे. त्याच्या शेजारी हुरडा लागलाय.

महिन्याने आई भेटली तेव्हा मी विचारलं, त्या अकरा किलो ज्वारीचं काय केलं?

“दळून आणली,” ती म्हणाली. “फेकून देऊ का मग?”