गच्चीवरचा टोमॅटो आणि त्रेचाळीस अंश

प्रश्न : ताई, मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ च्या पुढे जातो. गच्चीवरच्या टोमॅटोची पानं तग धरतात, फुलं मात्र पटापट गळतात. असं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, आपण पंख्याखाली पळतो, झाड कुठे जाणार? उष्णतेनं पेशीतली प्रथिनं विस्कटतात, उकडलेल्या अंड्यासारखी गोळा होतात. ती सावरायला ‘एचएसपी’ नावाची मदतनीस प्रथिनं असतात. एरवी ती ‘एचएसएफ’ला, म्हणजे जनुकं चालू करणाऱ्या एका प्रथिनाला, धरून बसवतात. मदतनीस विस्कटलेल्या प्रथिनांकडे धावली, की एचएसएफ मोकळा होतो आणि आणखी मदतनीस बनवणारी जनुकं चालू करतो.

गंमत म्हणजे फळमाशीचं एचएसएफच्या एकाच जनुकावर भागतं. भाताकडे अशी २५ आहेत! उन्हात उभं राहायचं तर कुटुंब मोठंच हवं. टोमॅटोत या कुटुंबातला ‘एचएसएफए१ए’ हा कारभारी. तो बंद पाडला तर झाड उष्णतेनं लगेच कोलमडतं.

परागकण मात्र पानांपेक्षा फारच नाजूक. ते निकामी झाले, की फूल देठाशी पिवळं पडून गळतं. त्यात आपल्या गच्चीची फरशी रात्री दहालाही चटके देते. कुंड्या विटांवर उचला, दुपारी हिरवी जाळी बांधा. रोपं एकदम उन्हात ठेवू नका, हळूहळू सवय लावा. आधी थोडी झळ सोसलेलं रोप पुढची जास्त सोसतं. तरी मेमध्ये मी स्वतः टोमॅटो लावत नाही, गवार लावते.