काउबॉय शूटिंगचा गाडा: विकत घ्यावा की घरी ठोकावा?

डॅलसजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४४, ग्रीन कार्ड, नोकरी पक्की. दीड वर्षापूर्वी ऑफिसातल्या मित्राबरोबर काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगला, म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या धाटणीच्या बंदुकांनी खेळायच्या नेमबाजीला गेले आणि तिथेच रमले. ते लिहितात: "दोन रिव्हॉल्व्हर, लिव्हरची रायफल, दुनळी, काडतुसं, पाणी हे सगळं घेऊन मॅचच्या सहा स्टेज, म्हणजे नेमबाजीच्या सहा जागा, फिरायचं म्हणजे हमाली आहे. तयार लाकडी गन कार्ट, म्हणजे बंदुका-सामान ढकलत न्यायचा गाडा, ६४० डॉलरला मिळते, शिपिंग ९५. घरी बनवली तर सामान २१० चं, पण टेबल सॉ, म्हणजे विजेची करवत, घ्यावी लागेल, ती ६०० ची. क्रेडिट कार्डावर ३,८०० डॉलर बाकी आहे, व्याज २२ टक्के, महिन्याला १५० भरतो. बायको म्हणते, आधी ते फेडा. काय करू?"

वहिनींचं बरोबर आहे. पण गाड्यावर बोट ठेवलंत तिथे तुम्ही दोघंही चुकताय.

तुम्ही महिन्याला दोन मॅच खेळता. एका स्टेजला दोन्ही रिव्हॉल्व्हरच्या मिळून दहा आणि रायफलच्या दहा, अशा वीस गोळ्या. सहा स्टेजच्या १२०. दोन मॅचच्या २४०. पंचेचाळीस कोल्ट या काडतुसांची ५० ची पेटी तुम्हाला ४२ डॉलरला पडते असं पत्रातच आहे. म्हणजे महिन्याला साधारण २०० डॉलर, वर्षाला २,४०० च्या वर. यात दुनळीची काडतुसं धरली नाहीत, मॅचची फी नाही, पेट्रोल नाही, आणि सरावाला किती उडवता ते तर तुम्ही लिहिलेलंच नाही. गाडा एकदाच घ्यायचा आहे. खिशाला भोक पडलंय ते काडतुसांनी.

म्हणून माझं पहिलं सांगणं: वर्ष-दीड वर्ष महिन्याला एकच मॅच खेळा. वाचलेले १०० डॉलर कार्डावर टाका. आज १५० च्या हप्त्याने कर्ज फिटायला जवळजवळ तीन वर्षं लागतील आणि व्याजापोटी सुमारे १,३५० डॉलर जातील. हप्ता २५० केला तर १८ महिन्यांत मोकळे, व्याज ७०० च्या आत. फरक साधारण ६६० डॉलरचा. तुमच्या त्या तयार गाड्याची किंमत बघा बरं पुन्हा एकदा.

रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरायचं यंत्र घेतलं तर स्वस्त पडेल, हे तुमचा मित्र एव्हाना सांगून चुकला असेल. दर गोळीमागे पडतंही. पण मी पाहिलेल्या लोकांचा महिन्याचा खर्च त्याने कमी झालेला नाही, ते दुप्पट उडवायला लागले. कार्ड फिटेपर्यंत तो विषय नको. रिकामी पितळी टरफलं मात्र आजपासून गोळा करून ठेवा.

आता गाडा. तयार घेऊ नका, आणि एका गाड्यासाठी ६०० ची करवतही नको. सुतारकामाची हौस वेगळी असेल तर तसं सरळ म्हणा, तिचा हिशेब वेगळा करू. मुलांची जुनी तीनचाकी जॉगिंग स्ट्रोलर गॅरेजमध्ये धूळ खात पडली असेलच. तिचं कापड काढा आणि सांगाड्यावर प्लायवुडची पेटी बसवा. होम डेपोसारख्या दुकानात विकत घेतलेलं प्लायवुड मापाने कापून देतात. वर खाचा पाडलेली आडवी फळी, खाचांना नमदा किंवा जुन्या पट्ट्याचं चामडं, आणि नळ्या वर राहतील अशा उभ्या ठेवलेल्या बंदुकांना एक पट्टा. पट्ट्यात कंजुषी करू नका, खडीवर गाडा कलंडून रायफलचा लाकडी दस्ता चिरला तर दुरुस्ती गाड्याहून महाग पडेल. शंभर डॉलरच्या आत हे सगळं बसतं की नाही पाहा. चार लोकांत ती स्ट्रोलर शोभणार नाही, हे मला कळतं. एकोणिसाव्या शतकाचा पोशाख घालून, टोपणनाव लावून खेळायचा खेळ आहे. तुमचं टोपणनाव पत्रात नाही. 'सरनोबत' अजून कुणी घेतलं नसेल तर नोंदवून टाका.

वाचलेल्या पैशातले थोडे मात्र विम्यावर घाला. घराच्या साध्या विम्यात बंदुकांच्या चोरीची भरपाई बहुतेक २,५०० डॉलरवर थांबते. तुमच्या चार बंदुका, चामड्याचे पट्टे-होल्स्टर धरून, त्याच्या वर जात असणार. पॉलिसी काढून ती ओळ वाचा, आणि वेगळी नोंद करून विमा वाढवायला किती पडतं ते एजंटला विचारा. मॅचनंतर सगळे जेवायला थांबतात, बंदुका गाडीत असतात आणि गाडी पार्किंगमध्ये. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी जोखीम ती वाटली, आणि तिचा तुम्ही उल्लेखही केलेला नाही.

जाता जाता, हे वाचून एच-वन-बीवरच्या कुणी उत्साहाने दुकान गाठू नये. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवणंही फेडरल कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्या, मित्राकडून नाही.

कार्ड शून्यावर आलं की ओकच्या लाकडाचा गाडा खुशाल घ्या, रोख. तोवर दीड वर्ष स्ट्रोलर ढकलून तुम्हाला नेमकं काय हवंय ते कळलेलं असेल: चाकं किती मोठी, पेटी किती खोल, बसायला फळी लागते की नाही. जुना गाडा विकणारेही मॅचला भेटतील, नव्याआधी त्यांना विचारा. आणि कुठलाही घ्या, निघण्यापूर्वी गाडीच्या डिकीची उंची-रुंदी टेपने मोजून खिशात ठेवा.