कडी लावली का?

"आमच्या चाळीत दारं सताड उघडी असायची हो. आता तीन-तीन कड्या लावते, तरी डोळा लागत नाही."

साठी ओलांडलेल्या किती जणांकडून हे वाक्य ऐकलं, त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही. कोणी लालबागच्या चाळीतून टॉवरमध्ये गेलेलं, कोणी पुण्याच्या पेठेतला वाडा पडल्यावर उपनगरातल्या फ्लॅटमध्ये, कोणी गावाकडचं घर बंद करून मुलाकडे. सगळ्यांचं म्हणणं एकच. काळ बिघडला, चोऱ्या वाढल्या, आता कुणाचा भरवसा नाही. घरच्यांचं उत्तरही एकच असतं, "काही होत नाही गं आई." या उत्तराने कोणाची झोप परत आलेली मी पाहिली नाही. म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका काकूंबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू सदुसष्ट वर्षांच्या. १९७९ साली लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या. यजमान गिरणीत. चाळ पुनर्विकासाला गेली, मधली वर्षं भाड्याच्या घरात काढली, त्यातच यजमान गेले. आता दोन वर्षं त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये, सतराव्या मजल्यावर. सोबत मुलगा, सून आणि नातू. त्यांना घेऊन आली सून. निमित्त असं घडलं की नातू क्लासहून घरी आला, आजीने आतून वरची कडी, खालची कडी आणि साखळी लावलेली, टीव्ही मोठ्याने सुरू. पोरगं वीस मिनिटं दारात बेल वाजवत उभं. बेल आजीला ऐकू आली होती. पण "तोच आहे कशावरून?" म्हणून त्या उठल्या नाहीत.

"रात्री सात-आठ वेळा उठतात, मॅडम. घरात कोणाचीच झोप होत नाही," सून म्हणाली. चिडून नव्हे, थकून.

काकूंनी स्वतःहून मोबाईल काढून मला दाखवला. नातवाचे फोटो, गणपतीचे फोटो, आणि मधूनमधून एकच कडी. स्टीलची, शेवटपर्यंत सरकवलेली. कुठे फ्लॅश चमकलेला, कुठे कोपऱ्यात त्यांचाच अंगठा. असे एकसष्ट फोटो होते.

"मुलानेच सुचवलं. कडी लावल्यावर फोटो काढ, आणि शंका आली की पलंगावरूनच बघ."

"मग बघता?"

"बघते ना. पण हा फोटो आत्ताचा की कालचा, असं होतं. मग उठावंच लागतं."

मुलाचा हेतू चांगला होता, उपाय मात्र उलटा. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून तपासायला लावली. शेवटच्या वेळी नेमकं काय तपासलं, हे त्यांना आठवत होतं. पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास घसरला होता, ती धूसर वाटू लागली होती. जितकं तपासाल तितकी शंका पोसली जाते. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही?" नाही. सारखं तपासणाऱ्या कुणाचंही असंच होतं.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. भीतीच्या पोटात कोणतं वाक्य दडलंय ते शोधायचं, ते बाहेर काढायचं आणि तपासायचं. पहिल्या चार भेटींत मी "चोर येईल" हे वाक्य धरून बसले होते. इमारतीत दोन वर्षांत काय चोरीला गेलं, ते आम्ही लिहून काढलं. खालच्या पार्किंगमधून एक सायकल. बस. कागदावर सगळं सरळ दिसत होतं, पण काकूंच्या चेहऱ्यावर काही उतरत नव्हतं. आपण चुकीच्या दारावर थाप मारतोय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पाचव्या भेटीत मी सहज विचारलं, "चाळीत कधीच चोरी झाली नाही?"

"छे! नाव नको."

थोडा वेळ गेला. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत त्या म्हणाल्या, "एकदा बंब गेला होता. सासूबाईंचा, पितळी. गॅलरीत दाराशीच असायचा. संपाचं वर्ष होतं, ब्याऐंशी. कोणाच्याच घरात पैसा नव्हता."

"कोणी नेला, कळलं?"

"कळलं ना. त्यांच्याकडे चार दिवस चूल पेटली नव्हती. हे म्हणाले, जाऊ दे. कोणी पोलिसांत गेलं नाही."

"मग त्या रात्री दार लावून झोपलात?"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "दार कशाला लावू? दार लावलं असतं तर समोरच्या वहिनी धावत आल्या असत्या, काय झालं, बरं नाही का म्हणून. आमच्याकडे बंद दाराची चौकशी व्हायची, ताई."

"आणि इथे?"

"इथे दार लावलं काय, उघडं टाकलं काय, कोणाला कळणार?" मग आवाज खाली गेला. "आत पडून राहिले तरी कोणाला कळणार?"

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मीही घाई केली नाही. एकोणीस वर्षांत एवढं मी शिकले आहे की असं वाक्य बाहेर आलं की त्यावर लगेच समजुतीचा हात फिरवायचा नाही. ज्याचं आहे त्याला ते नीट ऐकू द्यायचं.

चाळीत चोर नव्हते असं नाही. बंब गेलाच होता. तरी भीती नव्हती, कारण त्या उघड्या दारावर अख्ख्या मजल्याची नजर होती. पाण्याच्या वेळेला नळावर कोण आलं नाही, कोणाची किल्ली कोणाकडे, कोणाचा पाहुणा कुठल्या खोलीत, सगळं सगळ्यांना ठाऊक. काकू ज्याला सुरक्षित म्हणत होत्या ती ही नजर होती. टॉवरमध्ये आल्यावर लॉटरीत मजले लागले, वहिनी नवव्या मजल्यावर गेल्या, आणि ती नजर गेली. मन तिला कडीत शोधत होतं. कडीत ती कशी सापडणार?

पुढच्या भेटीत काकूंनी मला शनी शिंगणापूरचं विचारलं. तिथे परंपरेने घरांना दारं नसतात, आणि २०११ साली युको बँकेने शाखा काढली तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. "तिथले लोक कसे झोपत असतील?" मी म्हटलं, तिथेही पहारा आहेच की. शनिदेव बघतोय ही खात्री आहे. "म्हणजे कोणीतरी बघतंय, एवढंच लागतं," त्या म्हणाल्या. हे त्यांचं त्यांनी काढलं, मी सुचवलं नव्हतं, आणि त्याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग आम्ही कामाला लागलो. अशीच चिंता असलेल्यांनी इथून पुढचं जरा नीट वाचावं.

दार उघडं ठेवा, असं मी कोणालाही सांगत नाही. पोलिसांच्या नोंदींत "उघड्या दरवाजावाटे प्रवेश करून" हे शब्द वारंवार येतात. पहाटे दार लोटलेलं असतं आणि मोबाईल-लॅपटॉप जातो. घरफोडी करणारा सहसा बाहेरून कुलूप दिसणारं घर हेरतो, म्हणून गावाला जाताना शेजारी सांगून जावं. पण माणसं आत असताना एक चांगली कडी पुरते. ती एकदाच लावायची, हात तिच्यावर असताना मन तिथेच ठेवून. फोटो नाही, परत उठणं नाही. पहिल्या रात्री काकू दोनपर्यंत तळमळल्या. अस्वस्थता चढते, टिकते आणि उठला नाहीत तर आपोआप उतरते. हे मी सांगून पटत नाही, ते अंगावर घ्यावं लागतं. चौथ्या रात्री त्या साडेबाराला झोपल्या. तिसऱ्या आठवड्यात फोटो त्यांनी स्वतः पुसले.

घरच्यांनी "लावली का?" या प्रश्नाला "हो, लावली" म्हणणं थांबवायचं. तेही तपासणंच आहे, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी. आम्ही सुनेला एकच वाक्य दिलं, "आई, आपलं काय ठरलंय?" तिला ते पहिल्यांदा निष्ठुर वाटलं. साहजिक आहे.

आणि जपायचं असेल तर खऱ्या जागी जपावं. दागिने पॉलिश करून देतो म्हणणारे, पुढे खून झालाय, बांगड्या काढून कागदात बांधा म्हणणारे तोतया पोलीस, व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक झाली" म्हणून धमकावणारे. यांना आपण स्वतः आत घेतो, कडी त्यांना अडवत नाही. काकूंच्या फ्रिजवर आता दोन नंबर मोठ्या अक्षरांत आहेत. ११२ पोलिसांसाठी, १९३० सायबर फसवणुकीसाठी.

तुमच्या घरात खरोखर चोरी झाली असेल, तर भीती रास्त आहे. आधी कुलूप बदला, मग मनाला वेळ द्या. आणि कडीबरोबर गॅस, नळ, हात धुणं हेही सुरू असेल, दिवसाचा तासभर त्यात जात असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. औषधांचा चांगला उपयोग होतो, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

सगळ्यात अवघड काम मी शेवटी ठेवलं होतं. समोरच्या दाराची बेल वाजवायची. काकू आठवडाभर टाळत राहिल्या. "काय सांगून जाऊ?" चाळीत हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. शेवटी संकष्टीला मोदकांची वाटी घेऊन गेल्या. दार उघडलं ते नोकरी करणाऱ्या एका मुलीने, नवरा कायम फिरतीवर असलेली. ती म्हणाली, "आजी, मला पण रात्री भीती वाटते."

मुलाची रात्रपाळी असली की काकू अजूनही एकदा उठतात. मी ते चालवून घेते.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. अंगात कणकण होती म्हणून सकाळी उशिरापर्यंत पडून राहिल्या होत्या, घरचे सगळे लग्नाला गेलेले. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकत होती. साडेआठला बेल वाजली, आणि बाहेरून त्या मुलीचा आवाज, "आजी, आज दार नाही उघडलंत? बरं नाही का?"

हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मीच सांगायला लावलं.