आधी श्वास मोज, मग बाळाला हात लाव

प्रश्न : मी नागपुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डात माझ्या असेसमेंटचं, म्हणजे रुग्ण तपासून नोंदी करण्याचं, कौतुक व्हायचं. गेले तीन आठवडे बालरोग वॉर्डात पोस्टिंग आहे. मोठ्यांना करते तसंच सगळं करते, तरी मला बघताच मुलं रडतात, आकडे चुकतात, सिस्टर पुन्हा मोजायला लावतात. पुढे लहान मुलांमध्येच काम करायचं ठरवलं होतं. हे क्षेत्र माझं नाही, असं समजू का?

उत्तर : तीन आठवड्यांवरून असं काही समजू नकोस. अगं, मोठ्यांना करतेस तसंच करतेस, म्हणूनच जमत नाहीये.

मोठ्या माणसाला आपण ‘काका, जरा उठून बसा’ म्हणतो आणि डोक्यापासून पायापर्यंत ओळीने तपासत जातो. दीड वर्षाच्या पोराला ही ओळ मान्य नसते. ते आईच्या मांडीवर शांत आहे तेवढ्यात दुरूनच श्वास मोजायचे, मग छातीवर स्टेथोस्कोप. कान, घसा, ज्या ज्या गोष्टीने ते चिडणार, ते शेवटी.

करिअर सल्ल्याकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत. नवीन असताना एका झोपलेल्या आठ महिन्यांच्या बाळाच्या काखेत मी गेल्या गेल्या थर्मामीटर सरकवला. ते किंचाळत उठलं. त्या रडण्यातच श्वास मोजले आणि ६२ लिहून मोकळी झाले. सिस्टरनी कागद बघितला, एक शब्द बोलल्या नाहीत. पाळण्याशेजारी स्टूल ओढून मला बसवलं. बाळ पुन्हा झोपल्यावर त्याच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायला लावलं. ३८ भरले! दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. माझ्या ६२ वर विसंबून त्या बाळाला नको ती औषधं गेली असती.

पोटाकडे बघायचं, कारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांचा श्वास छातीपेक्षा पोटावरच जास्त दिसतो. आणि १५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे सोड. तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच पळतो. दोन वर्षांखालच्या मुलाचं मनगटही धरून बसू नकोस, ठोके छातीवरच मिनिटभर ऐक. मिनिटाला १४० ठोके बघून तू मेडिसिन वॉर्डात डॉक्टरांना हाक मारशील, नवजात बाळाला ते नेहमीचेच.

बीपी मात्र मुलांमध्ये फसवं. जुलाबांनी सुकलेलं मूल बीपी बराच वेळ टिकवून धरतं, आणि ते घसरतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून त्याआधी हातपाय गार आहेत का, दाबून सोडलेल्या बोटाचा रंग दोन सेकंदांत परततो का, लघवी शेवटची कधी झाली, हे बघ. आईलाही विचार, ‘ताई, याचं हे रडणं रोजच्यासारखंच आहे का?’ तिच्या उत्तराला मी कुठल्याही मॉनिटरइतकाच मान देते.

आपल्या इकडच्या गोष्टी वेगळ्याच. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हातून दुपट्यात गुंडाळून आणलेलं बाळ तापलेलं लागणारच. कपडे सैल करून, थोडं थांबून तापमान घे. हातापायाची बोटं सुजून कुरकुरणारं बाळ दिसलं, तर विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, मनात आलाच पाहिजे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, मग ते मेळघाटातून आलेलं असो की शहरातल्या वस्तीतून.

आता पुढचं. बी.एस्सी. आणि नोंदणी झाली की वर्षभर बालरोग वॉर्डात किंवा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नोकरी कर. एम.एस्सी.साठी एवढा अनुभव तसाही मागतात. त्यानंतरही ओढ टिकली, तर चाइल्ड हेल्थ नर्सिंगमध्ये दोन वर्षांचं एम.एस्सी. कर. शिकवण्यापेक्षा पाळण्याजवळच राहायचं असेल, तर नवजात शिशू परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा बघ. तुझं पत्र वाचून मला दुसरा जास्त जवळचा वाटतो, पण घाई नाही.

उरलेल्या पोस्टिंगमध्ये रोज एका मुलाजवळ हात न लावता पाच मिनिटं बस आणि नुसतं दिसलं तेवढं वहीत लिही. शेवटच्या दिवशी मला कळव, सिस्टर अजून किती वेळा पुन्हा मोजायला लावतात ते.