क्रिकेटमधून बेसबॉलला आलेल्या मुलाचे फटके सारखे फाऊल का जातात?

मुलगा उजव्या हाताने खेळतो आणि फटके पहिल्या बेसच्या बाजूला (पिचरकडे पाहताना उजवीकडे) फाऊल, म्हणजे मैदानाच्या रेषेबाहेर, जातात, म्हणजे त्याची बॅट उशिरा येतेय; आणि बहुतेक वेळा कारण ताकदीची कमी नसून हात फार लवकर लांब होणं हे असतं. परभणीत शाळेच्या मुलांना शिकवताना क्रिकेटमधून आलेल्यांत मला हे कायम दिसतं. हात लांबवले की बॅट मोठा वळसा घेऊन येते, तोवर चेंडू कॅचरकडे (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा मागे बसलेला खेळाडू) पोचलेला असतो. क्रम असा हवा: पुढचा पाय टेकला, कंबर वळली, मग हात, आणि मूठ अंगाजवळूनच पुढे.

मैदानाच्या जाळीच्या कुंपणासमोर तोंड करून त्याला उभं करा. बॅटची मूठ बेंबीला लावून टोक जाळीला टेकेल एवढंच अंतर ठेवा आणि तिथूनच, जाळीला न लागता, बॅट फिरवायला सांगा. आधी अगदी सावकाश. जाळी खडखडली तर हात लांब गेले, हे त्याचं त्यालाच कळतं, ओरडावं लागत नाही. हे जमल्यावरच टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवून सराव. पकड तळहातात नको, बोटांत हवी.

मात्र आधी बॅट तपासा. आपल्याकडे मुलं शाळेची एकच बॅट वाटून वापरतात, ती लहान मुलाला जड पडते. एका हातात आडवी धरल्यावर लगेच खाली झुकत असेल, तर आधी हलकी बॅट द्या.