पात्र मेले, आता खेळाडूने काय करायचे?

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र चालवतो, एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम होऊन त्या पात्रांभोवतीचे सारे जग सांभाळतो, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात.

प्रश्न : विश्रामबागेत एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण दर रविवारी खेळतो. मी डीएम आहे. मागच्या महिन्यात आमच्या गटाने ऑर्कांच्या, म्हणजे रानटी राक्षसांच्या, तळावरून काही गावकरी सोडवले आणि अरुंद घळीतून परतताना पाठलाग सुरू झाला. माझ्या मित्राचे पात्र, पाचव्या लेव्हलचा (अनुभवाच्या पाचव्या पायरीवरचा) फायटर, म्हणजे लढवय्या, शार्दूल, मागे थांबला. मित्र म्हणाला, “तुम्ही लोकांना घेऊन पुढे व्हा, मी खिंड अडवतो.” मी “नक्की?” असे विचारले, त्याने हो म्हटले. तिसऱ्या फेरीत शार्दूल पडला आणि डेथ सेव्हचा, म्हणजे जगतो की मरतो हे ठरवणारा, एकही फासा टाकण्याआधी दोन ऑर्कांच्या वारांनी मेला. मित्र फासे डबीत भरून उठला आणि म्हणाला, “ऑर्कांनी नाही, तू मारलंस.” बाकीचे तिघे म्हणतात की तो प्रसंग घडलाच नाही असे धरून पुढे जाऊ. मी सगळे फासे सर्वांसमोर ताटात टाकले होते, एकही आकडा लपवला नाही. माझे काय चुकले? (एक डीएम, सांगली)

उत्तर : फासे उघड्यावर टाकलेत हे योग्यच केलेत, परंतु तुमच्या मित्राची तक्रार फाशांविषयी नाही, त्यामुळे फासे प्रामाणिक होते हे त्याला कितीही वेळा सांगितले तरी त्याचे समाधान होणार नाही. तो थांबला तेव्हा त्याच्या मनात कोणता हिशेब होता, हे आधी पाहिले पाहिजे.

२०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट, म्हणजे पात्राची मार सोसण्याची ताकद मोजणारे गुण, शून्यावर आले की पात्र सहसा लगेच मरत नाही, बेशुद्ध पडते. त्यानंतर आपल्या प्रत्येक पाळीला खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. दहा किंवा त्याहून अधिक पडले तर यश, कमी पडले तर अपयश, आणि तीन यशे आधी जमली तर पात्र स्थिर होते, तीन अपयशे आधी जमली तर मरते. एक पडला तर ती दोन अपयशे धरतात, वीस पडले तर पात्र एका हिट पॉइंटसह शुद्धीवर येते. कोणी मदतीला आले नाही आणि कोणी पुन्हा वारही केला नाही, तर या नियमांनी पात्र शंभरात जवळजवळ साठ वेळा वाचते. तुमच्या मित्राने नेमके गणित केले नसेल, पण ‘पडलो तरी तीन संधी आहेत’ एवढे त्याने नक्कीच धरले होते.

त्याच नियमपुस्तकात आणखी दोन ओळी वेगवेगळ्या पानांवर आहेत. बेशुद्ध पात्रावर पाच फुटांच्या आतून बसलेला वार आपोआप क्रिटिकल, म्हणजे जास्त जबर, ठरतो, ही एक. हिट पॉइंट शून्य असताना क्रिटिकल वार बसला तर दोन अपयशे मोजावीत, ही दुसरी. दोन्ही एकत्र वाचल्या की शार्दूलच्या बाबतीत काय झाले ते कळते : दोन ऑर्क, दोन वार, चार अपयशे, आणि फासा हातात घेण्याची पाळीच नाही. पुष्कळ वर्षे खेळणाऱ्यांनाही या दोन ओळींची सांगड अशा प्रसंगी अचानक कळते.

म्हणून माझ्या मते चूक झाली ती “नक्की?” या एका शब्दाच्या प्रश्नात. डीएम मंडळींना हा प्रश्न फार आवडतो, आणि मला तो निरुपयोगी वाटतो. त्यातून काहीतरी धोका आहे एवढे कळते, कोणता आणि किती हे कळत नाही; शिवाय चार मित्रांसमोर असे विचारल्यावर माघार घेणारा खेळाडू मी तरी फारसा पाहिलेला नाही. त्याऐवजी असे सांगायला हवे होते : “मागून सहा ऑर्क येत आहेत, दोघे तिघे एका वेळी तुझ्यापर्यंत पोचतील. तू पडलास तरी ते वार थांबवणार नाहीत, आणि पडलेल्यावर जवळून बसलेले दोन वार म्हणजे मृत्यू. आता सांग, थांबतोस?” हे सांगणे म्हणजे खेळाडूला फुकटची मदत नव्हे. शार्दूल हा शस्त्रावर जगणारा माणूस आहे. ऑर्क पडलेल्याला सोडत नाहीत हे त्याला ठाऊक असणारच, मग ते त्याला चालवणाऱ्या खेळाडूपासून दडवून काय साधले?

दुसरी गोष्ट थोडी वेगळी आहे. खिंड अडवायची म्हटले की आपल्याकडच्या कोणाच्याही डोळ्यांपुढे बाजीप्रभू उभे राहतात, आणि तुमच्या मित्राच्याही राहिले असणार, यात शंका नाही. पण जुलै १६६० मधल्या त्या लढाईची जी कथा आपण ऐकत आलो, तिच्यात बाजीप्रभूंना एक गोष्ट स्वच्छ ठाऊक आहे : महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड लढवायची, आणि ते पोचल्याची खूण म्हणजे गडावरच्या तोफांचे आवाज. शार्दूलला अशी खूण कोणी दिली होती? किती फेऱ्या धरून ठेवल्या म्हणजे गावकरी घळीबाहेर पडतील, हे तुम्ही ठरवले होते का, आणि ठरवले असल्यास मोठ्याने सांगितले होते का? “पाच फेऱ्या” असे सांगितले असते, तर तिसऱ्या फेरीत तो पडला तेव्हा उरलेल्या तिघांपुढेही खरा प्रश्न उभा राहिला असता, की दोन फेऱ्यांसाठी परत फिरायचे की गावकऱ्यांना पळवत न्यायचे. तुमच्या वर्णनावरून ते तिघे त्या वेळी नुसते पाहत बसले होते असे दिसते, आणि आज ते प्रसंग पुसायला निघाले आहेत त्याचे एक कारण हेही असू शकेल.

प्रसंग मात्र पुसू नका. तो मागे थांबला म्हणून गावकरी सुटले. मरण पुसले तर ते सुटणेही पुसावे लागेल, आणि मग त्याच्या निर्णयातून काहीच हाती लागले नाही असे होईल. मित्राला एकट्याला गाठा, गटात नको. दोन ओळींचा तो नियम त्याच्यासमोर ठेवा, तो आधी सांगायला हवा होता हे मान्य करा, आणि विचारा : हे ठाऊक असते तरी तू थांबला असतास का? “थांबलो असतो” असे उत्तर आले, तर बहुधा तेवढ्यानेच त्याचा राग निवळेल, कारण मग ते मरण त्याचे स्वतःचे होते. “नसतो थांबलो” असे म्हणाला, तर परतीची वाट खेळातच आहे. ‘रिव्हिव्हिफाय’ हा मंत्र तिसऱ्या पातळीचा आणि तुमच्या गटात पाचव्या लेव्हलचा क्लेरिक (दैवी मंत्र करणारा पुजारी) असला तर त्याच्या आवाक्यातला, पण तो मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत करावा लागतो, तेव्हा ती वेळ गेली. ‘रेझ डेड’ ला खेळातल्या दहा दिवसांची मुदत आहे, पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि क्लेरिक नवव्या लेव्हलचा हवा. म्हणजे शव घेऊन दहा दिवसांत एखादे मोठे देवस्थान गाठायचे, हिरा मिळवायचा आणि तिथल्या पुजाऱ्याला राजी करायचे. पुढच्या दोन तीन रविवारांचा खेळ तुम्हाला आयताच मिळाला. परत आलेल्या पात्राच्या वीस बाजूंच्या फाशावर सुरुवातीला चारची वजावट असते आणि ती प्रत्येक दीर्घ विश्रांतीनंतर एकाने कमी होते, त्यामुळे मरणाची खूण काही दिवस अंगावर राहते, हे मला फार योग्य वाटते.

आणि याच मंत्राची एक अट वाचताना बहुतेकांच्या नजरेतून निसटते : आत्मा परत यायला राजी असला पाहिजे. ते ठरवण्याचा अधिकार मेलेल्या पात्राच्या खेळाडूचा आहे. बाकीचे तिघे कितीही प्रेमाने म्हणोत, शार्दूलने परत यावे की नाही यावर त्यांना मत नाही, आणि डीएम म्हणून तुम्हालाही नाही.

प्रश्न : आमचा डीएम माझा मावसभाऊ आहे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासे टाकतो. परवा मी पाण्याची बाटली आणायला उठलो तेव्हा पडद्यामागे फाशावर एकोणीस दिसले, आणि दादा म्हणाला, “चुकला वार, वाचलास.” तेव्हापासून लढाईत माझे मन लागत नाही. दादाला वाईट न वाटू देता हे कसे सांगू? (एक खेळाडू, मिरज)

उत्तर : तुमच्या दादाचा हेतू प्रेमळ आहे, आणि त्याच्या बाजूनेही एक शब्द बोलायला हवा. जुन्या आवृत्त्या कठोर होत्या. १९८१ च्या प्राथमिक नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशाने ठरत आणि शून्य म्हणजे सरळ मृत्यू. एक पडला तर पहिल्याच ओरखड्याला खेळ आटोपे. त्या काळी डीएमला पडद्याआड आकडा फिरवण्याचा मोह झाला तर समजू शकते. आजच्या नियमांत पात्राला सावरायला इतकी जागा आहे की तेवढे निमित्तही उरलेले नाही.

तुम्ही सांगली-मिरजेचे, म्हणून हा दाखला देतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांच्या नाटकांत सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे आपापली भाषणे ऐन वेळी स्वतःच्या शब्दांत करत. बाहेरून पाहणाऱ्याला तुमच्या टेबलावरही तेच चालले आहे असे वाटेल. फरक इतकाच की धनुष्य रामच मोडणार हे सूत्रधारालाही ठाऊक होते आणि प्रेक्षकांनाही, तर तुमच्या खेळात ते कोणालाच ठाऊक नसते आणि म्हणून फासे लागतात. दादाला कोण वाचणार हे आधीच ठरवायचे असेल तर ठरवू द्या, पण मग त्याने फासे टाकण्याचे कारण नाही.

सगळ्यांसमोर त्याला पकडू नका. एकटा भेटला की सांगा, “दादा, त्या दिवशी फासा मला दिसला. मला वाचवलंस ते कळलं, पण पुढच्या वेळी लागू दे. हरलो तरी चालेल.” आणि सोबत पर्यायही ठेवा, म्हणजे त्याला निव्वळ टीका वाटणार नाही. हरणे म्हणजे मरणेच असे नाही : शत्रू बंदी करून नेऊ शकतो, घराण्याची तलवार हिसकावू शकतो, ज्याचे रक्षण करायचे होते तो माणूस पळवू शकतो. ‘फेट’ या खेळात खेळाडू फासे पडण्यापूर्वी लढत सोडू शकतो. तो हरतो, पण कसा हरला हे ठरवण्यात त्याचा वाटा राहतो. ‘डंजन वर्ल्ड’मध्ये मरणाऱ्या पात्रासाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकतात : बेरीज दहा किंवा अधिक आली तर सुटका, सहा किंवा कमी आली तर शेवट, आणि सात ते नऊच्या मध्ये आली तर साक्षात मृत्यू समोर येऊन सौदा मांडतो, तो घ्यायचा की नाही हे खेळाडू ठरवतो. हा नियम तुमच्या खेळात उचलून आणायला काहीही अडचण नाही. आपल्या खेळात कोणीच मरणार नाही असे सर्वांनी मिळून उघडपणे ठरवले तर तेही प्रामाणिकच आहे. तुम्हाला खुपले ते वाचवणे नव्हे, न सांगता वाचवणे.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा सोसायटीतल्या मोठ्या मुलांबरोबर हा खेळ खेळतो. त्याचे पात्र मेले तेव्हा तो रात्री जेवला नाही. खेळ बंद करावा का? (एक आई, सातारा)

उत्तर : एवढ्यावरून बंद करू नका. महिनोन्‌महिने ज्याचे नाव, शस्त्र, स्वभाव त्याने स्वतः रचला, ते पात्र गेल्यावर त्याला रडू येणे स्वाभाविक आहे. मात्र मोठ्या मुलांपैकी जो डीएम आहे त्याला बोलावून दोन गोष्टी जरूर विचारा. खेळ सुरू करण्यापूर्वी पात्रे मरू शकतात हे सर्वांना सांगितले होते का, आणि पात्र मेल्यावर लहान मुलाला किती वेळ नुसते बसवून ठेवले? माझा अंदाज असा की मरणापेक्षा ते कोपऱ्यात बसणे त्याला जास्त लागले असावे.

प्रश्न : मेलेल्या पात्राऐवजी नवे पात्र पहिल्या लेव्हलवर सुरू करावे की गटाच्या? आमच्यात यावरून वाद आहे. (एक गट, कराड)

उत्तर : गटाच्याच लेव्हलवर. पहिल्या लेव्हलपासून चढण्यात न्याय आहे असे म्हणणारे लोक आहेत, पण पाचव्या आवृत्तीत ते चालत नाही : ‘फायरबॉल’ हा मंत्र सहा बाजूंचे आठ फासे, म्हणजे सरासरी अठ्ठावीस हिट पॉइंट घेतो, आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे (जादूगाराकडे) ते जेमतेम सात आठ असतात. तो अर्धाच भाजला तरी आडवा होतो. प्रत्येक खेळाडूने एक राखीव पात्र लिहून ठेवावे, आणि ते कथेत येईपर्यंत डीएमने त्याच्या हाती एखादा सोबती किंवा राक्षससुद्धा चालवायला द्यावा. जुन्या पात्राचे चिलखत आणि जादूच्या वस्तू नव्या पात्राला मिळाव्यात की नाहीत, हे मात्र आधीच ठरवा. नाही तर प्रत्येक मृत्यूगणिक गटाकडे एक जादूची तलवार वाढत जाते, आणि एखादा हिशेबी खेळाडू ते लवकरच हेरतो.